धंदा वेगळा, मालक वेगळा

साखळी
१८ जून २०२२

प्रिय आते,

‘शिरसाष्टांग’ लिहायला घेतलं, तीनदा खोडलं, शेवटी कागदच बदलला. तुझ्या लाल पेनाची भीती अजून गेलेली नाही. तेव्हा नमस्कार तूच समजून घे.

फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते तू बिस्किटांच्या डब्यात ठेवतेस, आणि मेसेजला तू पत्र मानत नाहीस. म्हणून हा खटाटोप. विशाल, म्हणजे ऑफिसातला माझा सीनियर, विचारत होता की तुमच्या पेडण्यात अजून टपाल चालतं काय. मी म्हटलं, माझी आते चालवते.

नोकरी बरी आहे. कृष्णनाथबाबांचं कर सल्लागाराचं ऑफिस बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. दोन मेजं, बाजाराकडे उघडणारं एक जनेल, तीन कॉम्प्युटर आणि सगळीकडे प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्यांत लोकांची वर्षभराची बिलं. परवा एका पिशवीला सुक्या बांगड्याचा वास येत होता. तीसुद्धा हिशेबाचीच निघाली.

पहिल्या दिवशी एक व्यवहार समजून घ्यायला मी कागदावर खातं काढलं. तू शिकवलंस तसं, वर आडवी रेघ, मधोमध उभी, डावीकडे नावे, उजवीकडे जमा. विशालने मागून बघितलं, त्याला तो चर्चवरचा क्रूस वाटला, म्हणाला, “खुरीस कित्याक काढता गो?” सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले. इथे कुणी खातं काढत नाही. कॉम्प्युटरमध्ये आकडा टाकायचा, तो आपला कुठेतरी जाऊन बसतो. ज्या ट्रायल बॅलन्ससाठी मी बारावीत जेवण सोडलं होतं, तो इथे जुळलेलाच असतो. त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

दोडामार्गकडचे बाबली म्हणून एक ट्रकमालक आहेत. त्यांना मी विचारलं, डिझेलची बिलं कुठे? तर म्हणाले, “माका ह्यातला काय कळत नाय गो बाय. गेल्या वर्षी भरललंय तितकोच टॅक्स बसव, बाकी तू जुळव.” मी कृष्णनाथबाबांकडे बघितलं. ते म्हणाले, बरोबर सांगतात ते. आते, तू शिकवलंस की आधी खर्च मांडायचा, मग नफा कळतो. इथे आधी नफा ठरतो आणि मग त्याला शोभेल असा खर्च शोधायचा असतो. शाळेत तीन वर्षं नि कॉलेजात तीन वर्षं मी नेमकं काय शिकले, हे मला अजून उमगत नाहीये.

खोली बरी आहे. जेवण मी करते. काळजी करू नको.

तुझी
क्षमा


पार्से, पेडणे
२ जुलै २०२२

क्षमा बाय,

पत्र पोचलं. शाळेत तीन वर्षं कुठली? अकरावी आणि बारावी मिळून दोन होतात. हिशेबाच्या ऑफिसात बसतेस, जरा जपून.

खुरीस म्हणणाऱ्या त्या विशालला सांग की माझ्या आतेने निवृत्त होईपर्यंत फळ्यावर तोच खुरीस काढला आणि त्याच्यावर पेडणे तालुक्यातली कितीतरी पोरं बँकांत नि पतसंस्थांत लागली. हसणारे हसू देत. दर वर्षी वर्गात एखादा दीडशहाणा उठून विचारायचाच, “बाई, हे बाहेर उपयोगी पडतं काय?” मी म्हणायचे, आधी पेपरात उपयोगी पडू दे, मग बाहेरचं बघू. बाहेर मी कधी बघितलं नाही हे खरं. एका शाळेतून बाहेर पडले ती दुसऱ्या शाळेत शिरले, मास्तरीण म्हणून. पण तत्त्व ते तत्त्व. साखळीत गेलं म्हणून नावेचं जमा होत नाही.

नफा आधी ठरवण्याबद्दल जे लिहिलंस ते मला मुळीच आवडलं नाही. नवीन आहेस, तोंड बंद ठेव, डोळे उघडे ठेव. आपल्या हाताने खोटं लिहू नको.

इथे सगळं ठीक. विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून जमिनीचे दलाल दर आठवड्याला येतात. हातवारे करून किंमत सांगतात, ऐकू येत नाही म्हटलं की कागदावर लिहून दाखवतात. मी त्यांना सांगते, हे काजूंचं भाट माझं नाही, घरही माझं नाही, सगळं बक्षीसपत्र करून भाचीच्या नावावर केलंय, आणि भाची साखळीला ऑफिसात असते. मग ते जातात. तुझे आईबाप गेल्यावर मला एवढीच एक गोष्ट वेळेवर सुचली, असं मला वाटतं. मी मेल्यावर तुला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये.

काजूचं पीक गेल्यासारखंच आहे. शेजारच्या सुमंगलाने तुझ्यासाठी कोकमं ठेवली आहेत.

तुझी
आते


साखळी
९ नोव्हेंबर २०२२

प्रिय आते,

एक गोष्ट विचारायची आहे. नीट वाच आणि लगेच उत्तर पाठव, कारण कृष्णनाथबाबांना मला महिनाअखेरीस सांगायचं आहे.

खनिजाच्या वाहतुकीत परत हालचाल होणार असं सगळे बोलतात. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला त्यासाठी नवीन फर्म काढायची आहे. त्याच्या नावावर आधीच दोन आहेत, घरच्यांच्या नावावरही आहेत. म्हणून कृष्णनाथबाब म्हणाले, ही क्षमाच्या नावावर काढू. मला काही करायचं नाही. आधार नि पॅन द्यायचं, फोटो द्यायचा, बँकेत दोन सह्या. धंदा ते करणार, हिशेब आपलं ऑफिस लिहिणार. मला महिन्याला चार हजार जास्त. आते, अकरा हजारांत खोलीचं भाडं जाऊन माझ्या हातात काय उरतं ते तुला माहीत आहे. चार हजार मिळाले तर सीएच्या इंटरची फी दीड वर्षात जमेल, तुझ्या पेन्शनीला हात न लावता.

विशाल म्हणतो, त्यात काय, त्याच्याही नावावर एक होती. पण उद्या त्या फर्मने कुणाचे पैसे बुडवले तर?

मग मीच विचार केला. अकरावीचा पहिला धडा, तू फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला होतास तो: धंदा वेगळा, मालक वेगळा. हिशेबाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र माणसं. मालक आपल्या खिशातून चहा प्याला तर तो धंद्याचा खर्च नाही, आणि धंद्याचं देणं ते मालकाचं नाही. मग माझं नाव पाटीवर असलं तरी मी वेगळी आणि फर्म वेगळी. बरोबर ना? तू हो म्हटलंस तर मी सही करते. दुसऱ्या कुणाला विचारायला मला धीर होत नाही, इथे सगळे हसतात.

तुझी
क्षमा


पार्से, पेडणे
१६ नोव्हेंबर २०२२

क्षमा बाय,

तुझं पत्र वाचून मला किती बरं वाटलं हे लिहून कळणार नाही. एवढी पोरं हाताखालून गेली. पेपरात सगळ्यांनी तो धडा लिहिला, पण आयुष्यात एक निर्णय घ्यायच्या वेळी तो आठवणारी तू पहिलीच.

हो, बरोबर आहे. धंदा ही स्वतंत्र व्यक्ती आहे. मालकाने धंद्यात भांडवल घातलं तर धंदा मालकाचं देणं लागतो. म्हणजे काय? मी माझंच देणं लागते असं कधी होईल का? नाही. म्हणूनच दोघं वेगळे. सगळं हिशेबशास्त्र ह्याच एका धड्यावर उभं आहे, ते खोटं कसं असेल? फर्मचं येणं फर्मचं, फर्मचं देणं फर्मचं. तुझ्या ताटातल्या पावाच्या उंड्याशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा भिऊ नको. कृष्णनाथबाब वयाने मोठे आहेत, एवढी वर्षं बाजारात बसलेत, त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनच त्यांनी तुझं नाव घेतलं. विश्वासाला नाही म्हणू नये. सही मात्र वाचून कर आणि पूर्ण नावाने कर, कोंबडीचे पाय काढू नको.

सुमंगलाला मी सांगितलं की आमची क्षमा मालकीण झाली. तिने दारात रांगोळी घातली, वेडीच आहे.

फी भरलीस की कळव.

तुझी
आते


साखळी
२५ सप्टेंबर २०२३

प्रिय आते,

चवथीला आले नाही म्हणून तू रागावली असशील. रिटर्नची तारीख होती, हे मी फोनवर सुमंगलामावशीला सांगितलं होतं. तिने तुला सांगितलं की नाही माहीत नाही. गणपतीवरच्या माटोळीला बांधायला या वर्षी कुठली कुठली फळं मिळाली?

फी भरली नाही अजून. पुढच्या वर्षी भरेन.

एक गंमत सांगते. माझ्या नावच्या फर्मची बिलं मीच कॉम्प्युटरवर चढवते. ह्या गावाहून त्या गावाला इतके टन चिरे, तितके टन खडी, ट्रकचा नंबर अमुक. गेल्या आठवड्यात एक नंबर टाकला आणि बोटं थांबली. नंबर ओळखीचा. कुठे बघितला, कुठे बघितला, करता करता आठवलं. सुमंगलामावशीच्या स्कुटीचा! कॉलेजला जाताना रोज मागे बसून जायचे ना मी. तर कागदोपत्री मावशीच्या स्कुटीने पेडण्याहून डिचोलीला सोळा टन खडी वाहिली आहे.

मला हसू आलं, मी कृष्णनाथबाबांना दाखवलं. तेही हसले. म्हणाले, टायपिंगची चूक, दुसरा नंबर टाक. मी म्हटलं, कुठला? ते म्हणाले, कुठलाही टाक, ट्रकचा असला म्हणजे झालं.

मग मी टाकला.

आते, हे वाचून तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे. ऑफिसात सगळे असंच करतात. विशाल म्हणतो, खडी कुणी खात नाही, बिल खातात. माल कुठेच जात नाही, फक्त बिलं फिरतात आणि त्यांच्यावर कुणीतरी टॅक्सची सूट घेतं. आमच्या कॉलेजात हे कुठल्याच वर्षाला नव्हतं.

तब्येत सांभाळ. गोळ्या वेळेवर घे.

क्षमा


पार्से, पेडणे
१ ऑक्टोबर २०२३

क्षमा,

ही गंमत नव्हे. हे पत्र मिळाल्या दिवशी नोकरी सोड. पगार अडकला तर अडकू दे. कुठलाही नंबर टाक म्हणणाऱ्या माणसाच्या माडीवर माझी भाची बसायला नको.

आणि तू टाकलास? आपल्या हाताने? एवढ्यासाठी मी तुला रात्रंदिवस घोकून घेतलं होतं?

रागात लिहितेय, तू ओळखशीलच. पण एक नीट ऐक. घाबरून तिथेच चिकटून राहू नको. त्यांची पापं त्यांच्या फर्मच्या खात्यावर. नाव तुझं असलं तरी धंदा त्यांचा. खुर्चीवरून उठलीस की तू सुटलीस.

माटोळीला घागऱ्योच्या शेंगा मिळाल्या नाहीत. तू असतीस तर डोंगरावरून आणल्या असत्यास.

आते


डिचोली
१४ जानेवारी २०२४

प्रिय आते,

सोडली एकदाची. डिसेंबरात. आता डिचोलीला एका टाइल्सच्या दुकानात हिशेब बघते. दुकान म्हणजे दुकान. माल येतो, माल जातो, मी डोळ्यांनी बघते. पगार दोन हजार कमी आहे पण झोप लागते. दुकानाजवळच खोलीही घेतली आहे, पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

फर्मचं काय, असं तू विचारशील. मी कृष्णनाथबाबांना म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, नोंदणी रद्द करायला टाकतो, महिन्याभरात होईल. रागावले नाहीत. मला मिठाईचा पुडासुद्धा दिला.

तू म्हणालीस तसंच झालं बघ. उठले आणि सुटले. तिळगूळ घे.

तुझी
क्षमा


पार्से, पेडणे
२० फेब्रुवारी २०२५

क्षमा बाय,

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. गेल्या चवथीला आलीस तेव्हासुद्धा ताटावरून अर्धीच उठलीस. मला ऐकू येत नाही, दिसतं मात्र नीट. काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही, चुकलंच.

परवा सकाळी तलाठी आला होता, बरोबर पणजीहून आलेली दोन माणसं. मी पाव घ्यायला पोदेराची वाट बघत दारातच उभी होते. ते काहीतरी बोलू लागले. मी हातानेच सांगितलं की ऐकू येत नाही. मला वाटलं, दलालच आहेत. म्हणून म्हटलं, जमीन विकायची नाही, ती भाचीची आहे. ते ऐकून त्यांच्यातला एक मान हलवायला लागला, आम्हाला तेच हवं आहे म्हणाल्यासारखी. मग त्याने कागद पुढे केला. इंग्रजी, बारीक अक्षर. चष्मा आत. मी आत जाऊन येईपर्यंत त्यांनी तो दारावर चिकटवला होता.

सुमंगला धावत आली. तिने वाचून माझ्या कानात ओरडून सांगितलं, आणि ओरडल्यामुळे रस्त्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. पोदेर सायकल धरून तसाच उभा राहिला. तुझं नाव, त्याच्यापुढे त्या फर्मचं नाव, आपल्या भाटाचा सर्व्हे नंबर, घराचा नंबर. ही मिळकत जप्त केली आहे, विकायची नाही, गहाण टाकायची नाही. शेवटी आकडा होता. मी शून्यं दोनदा मोजली.

मी त्यांना म्हटलं, तुमची चूक झाली आहे. फर्म वेगळी, ही मुलगी वेगळी. थोरला माणूस चांगला होता बिचारा. त्याने माझ्या वयाकडे बघितलं आणि तलाठ्याला घेऊन पायऱ्या उतरला. काही बोलला असता तरी मला कुठे ऐकू येणार होतं?

ही काय भानगड आहे ते मला लिही. चूक त्यांची असेल तर मी स्वतः पणजीला जाऊन त्यांना धडा समजावून सांगते. एवढं सोपं आहे ते.

आते


डिचोली
२६ फेब्रुवारी २०२५

आते,

चूक त्यांची नाही. बसून वाच.

कृष्णनाथबाबांनी नोंदणी रद्द केलीच नव्हती. मी गेल्यावरही माझ्या नावाने बिलं फिरतच राहिली. नोटिसा आल्या, पण नोंदणीत मोबाइल त्यांचा, ईमेल त्यांचा, नाव तेवढं माझं. मला पहिला कागद मिळाला तो गेल्या जुलैत, पणजीला जीएसटीच्या ऑफिसात हजर राहा म्हणून. चवथीला आले तेव्हा मी तिथे तीन वेळा जाऊन आले होते. तुझ्यापुढे बसून पातोळ्या गिळवत नव्हत्या. तुला सांगायचं तर मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नाही.

अधिकारी बाई होत्या. वाईट बोलल्या नाहीत. विचारलं, फर्म कुणाची? मी म्हटलं, नाव माझं आहे, धंदा माझा नाही. मालक म्हणून कुणाची सही आहे? माझी. मग धंदा कुणाचा? तेव्हा मी म्हटलं, मॅडम, धंदा वेगळा, मालक वेगळा, अकौंटन्सीचा पहिला धडा आहे. आते, मी हे खरंच म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “ते वही लिहिण्यापुरतं गो. फर्म एकट्याच्या नावावर असली की कायद्याला तू आणि फर्म एकच. तिचं देणं तुझं देणं. घरदार विकून द्यावं लागतं. हे तुम्हाला शिकवत नाहीत काय?”

शिकवतात. तेच तर. बाहेर जिन्यावर आले आणि मला ते शब्दासकट आठवलं. बिझनेस स्टडीज, बाबुराव सरांचा तास, एकल मालकीची वैशिष्ट्यं, चौथा मुद्दा: अमर्याद जबाबदारी. धंद्याचं कर्ज फेडायला मालकाची खासगी मालमत्ताही जाऊ शकते. मी ते पाठ केलं होतं. सरांनी पाचपैकी पाच दिले होते. पण ते दुसऱ्या विषयात होतं, आते. दुसरी वही, दुसरा तास, मध्ये छोटी सुट्टी. दोन्ही धडे एकाच मालकाबद्दल आहेत हे मला कधी सुचलंच नाही. पेपरात कुणी तसं विचारलं नाही.

त्याच दिवशी तिथे एक म्हातारी बाई होती, खाणीवर दगड वेचणारी. तिच्याही नावावर फर्म होती, अंगठा घेऊन काढलेली. तिच्या जबाबात लिहिलं, अशिक्षित, फसवणूक झालेली दिसते. माझ्या जबाबात लिहिलं, वाणिज्य पदवीधर, स्वतः हिशेब लिहीत होती. कृष्णनाथबाबांनीही तेच लिहून दिलंय: आम्ही नुसते रिटर्न भरणारे, मालकीणबाई स्वतः बी.कॉम. आहेत. ते अजून त्याच माडीवर बसतात. ते मोठं गिऱ्हाईक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

माझ्या नावावर दुसरं काही नाही म्हणून जीएसटीवाले भाटावर आले. मी नसते तर भाट तुझंच राहिलं असतं. तुझ्या म्हातारपणाला मी असा दगड बांधला.

वकिलाने विचारलं, सही करण्याआधी कुणाचा सल्ला घेतला होता का? मी नाही म्हटलं. तुझं ते पत्र मी फाडून टाकलं आहे. तू कुणाला काही सांगू नको.

क्षमा


पार्से, पेडणे
२७ एप्रिल २०२५

क्षमा बाय,

दोन महिने लिहिलं नाही. लिहायला बसले की पहिलं वाक्यच होत नव्हतं. आता सगळं ठरलं आहे, म्हणून लिहिते.

आधी बाबुराव सरांकडे गेले. ते आता नव्वदीच्या आजोबांसारखे दिसतात, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे असून. मी पाटीवर लिहून विचारलं: मालक आणि धंदा वेगळे की एकच? त्यांनी लिहिलं: तुमच्या पुस्तकात वेगळे, माझ्या पुस्तकात एक. मी लिहिलं: मग आपण पोरांना कधी सांगितलं का? चोवीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये एकाच मेजावर डबा खाल्ला, क्षमा. माझा तास संपला की त्यांचा असायचा. मी फळा पुसून निघायचे, ते खडू घेऊन आत शिरायचे. मी काय पुसून गेले हे त्यांनी विचारलं नाही, ते काय लिहिणार हे मी विचारलं नाही. शेवटी त्यांनी पाटी पुसली आणि माझ्या हातात परत दिली, कोरीच.

मग तुझ्या वकिलाकडे गेले. तू फाडलंस त्या पत्राची नक्कल माझ्यापाशी नव्हती, म्हणून मी नवीन लिहून नेलं: मी, जानकी, निवृत्त शिक्षिका, क्षमाला मीच चुकीचा सल्ला दिला, तिने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. त्याने वाचलं आणि घडी घालून परत दिलं. सल्ला कुणीही दिला तरी सही करणाऱ्याची जबाबदारी जात नाही, असं त्याने कागदावर लिहून दाखवलं. एवढंही माझ्या कामी आलं नाही.

तर आता जे ठरलं ते असं. लिलाव झाला तर घरासकट भाट मातीमोल जाईल. त्यापेक्षा खात्याची परवानगी घेऊन आपणच विकायचं आणि पैसे थेट तिकडे भरायचे. परवानगी मिळाली आहे. देणं फिटून थोडं उरेल. ते वकिलाला जाईल. खटल्याचं काय होईल ते तो सांगत नाही. घेणारा पुण्याचा आहे, त्याने भाट बघितलंसुद्धा नाही, विमानतळापासून किती लांब एवढंच विचारलं. काजू झाडाला आहेत. मी ते उतरवू नका म्हणून सांगितलं, आता ते आपले नाहीत.

मी तुझ्याकडे डिचोलीला येऊन राहीन. माझी पेन्शन आहे, दोघींचं चालेल. सामान फार नाही. जुनी पाठ्यपुस्तकं सुमंगला म्हणाली वाचनालयाला दे. मी दिली नाहीत, पाणी तापवायला वापरली.

आता एका खोलीत राहणार म्हणजे पत्रं बंद. तुला मला काही सांगायचं तर ओरडावं लागेल आणि भिंतीपलीकडचे ऐकतील. माझाही आवाज किती मोठा निघतो हे मला कळत नाही. म्हणून जे मोठ्याने बोलता येत नाही ते इथेच संपवते. तू मला विचारलंस आणि मला ते माहीत नव्हतं. माहीत नाही असं मी लिहिलं असतं तर तू सही केली नसतीस. पण मला माहीत नाही हेच मला माहीत नव्हतं, आणि तुझ्या पत्राने मी इतकी फुगले होते की कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. तू म्हणतेस, तू माझ्या म्हातारपणाला दगड बांधलास. नाही गो. तो मी तुझ्या तरुणपणाला बांधला. क्षमा कर असं लिहिणार होते, तर ते तुझंच नाव. आधी हसू आलं, मग ते वाक्य खोडलं.

सोमवारी, पाच तारखेला, सकाळी पेडण्याला सब-रजिस्ट्रारकडे ये. दस्तावर विकणारी म्हणून तुझं नाव आहे, मी कुठेच नाही. मला आत बसू देणार नाहीत, मी बाहेर बाकावर असेन. तिथला माणूस तुला विचारेल, राजीखुशीने विकता ना? गप्प राहू नको, रडू नको, नाहीतर तो दस्त पुढे ढकलेल. हो म्हण. मोठ्याने म्हण, म्हणजे बाहेर मलाही ऐकू येईल.

तुझी
आते